ज्याचं त्याचं पान

नोंदणी कार्यालय जळालं ते एका मंगळवारी, भरदुपारी. तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या वायरींनी पेट घेतला आणि बंब येईस्तोवर शहराच्या चाळीस वर्षांच्या जन्ममृत्यूंची राख झाली. कुणी म्हणालं मुद्दाम लावली. कुणी म्हणालं, त्या वायरी बघता आग लागायला इतका उशीर कसा झाला हेच नवल. लढाई सुरू होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलानं भरतीला हजर व्हायचं असा कायदा होता, आणि कुणाला अठरा पूर्ण झाली हे सांगणारे कागदच आगीत गेले होते. शाळेच्या दाखल्यांवर कोर्टाचाही भरवसा नव्हता, कारण शाळेत घालताना आईबापांनी वय सोयीप्रमाणे वर्ष-दोन वर्षं इकडंतिकडं केलेलं असायचंच. महिनाभरात शहरात अठरा वर्षांचा मुलगा औषधालाही सापडेना. मिसरूड फुटलेले, दारातून वाकून आत येणारे, सगळे सतरा.

पण आक्काकडे वह्या आहेत हे निम्म्या शहराला ठाऊक होतं.

आक्का सुईण होती. एकतीस वर्षं तिनं हेच काम केलं होतं आणि पहिल्या बाळंतपणापासून वही ठेवली होती. दर बाळंतपणाला एक पान. तारीख, वेळ, वजन, कळा किती तास, टाके पडले का. एवढंच असतं तर ती वही कुणालाही दाखवता आली असती. पण कळांमध्ये बायका बोलतात, आणि आक्काला ऐकलेलं लिहून ठेवायची सवय होती. कुणाला हे मूल नकोच होतं. कुणी नवऱ्याचं नाव न घेता दुसरंच नाव घेतलं होतं. हे सगळं त्या पानांवर तिच्या बारीक, उभट अक्षरात होतं, आणि वह्या तिच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, चादरींच्या खाली होत्या.

आगीनंतर पाचव्या आठवड्यात, रविवारी, तिचा भाऊ आला. बापू तिच्याहून दहा वर्षांनी धाकटा, अर्धाअधिक तिनंच वाढवलेला. नोंदणी कार्यालयातच हेडक्लार्क होता. आता एका रिकाम्या शाळेत टेबलं मांडून त्यांचं ऑफिस चाललं होतं. तो आला, खुर्चीवर बसला, चहा अर्धा प्याला, मग म्हणाला, "आक्का, एक काम होतं."

"ते कळलं. बिनसाखरेचा चहा मुकाट्यानं पितोयस."

बापूनं कपात बघितलं. साखर खरंच नव्हती. "उद्या-परवा तुला नोटीस येईल. तुझ्या वह्या मागवल्यात. सगळ्या नाही, ती चौथी. अठरा ते वीस वर्षांमागची."

"वह्यांचं त्यांना कुणी सांगितलं?"

बापूनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "साहेबांनी विचारलं, खाजगी नोंदी कुणाकडे असतील. मी हेडक्लार्क. मला माहीत नाही असं म्हणू कसं? पुढेमागे कळलंच असतं."

बापू खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "वही देऊन टाक, तुझ्यावर बालंट नको. फक्त त्याआधी ढब्बूचं पान तेवढं काढून घे."

ढब्बू म्हणजे बापूचा एकुलता एक मुलगा. जन्मला तेव्हा सव्वाचार किलोचा होता म्हणून हे नाव पडलं, आणि आता काठीसारखा वाढला तरी ते सुटलं नव्हतं. गेल्याच महिन्यात त्याला अठरा पूर्ण झाली होती.

"त्या वहीत एक्याऐंशी मुलगे आहेत, बापू. ऐंशी द्यायचे आणि एक ठेवायचा?"

"तो तुझा भाचा आहे."

"बाकीचेही कुणाचे तरी भाचे आहेत. पण ते जाऊ दे. माझा मुद्दा वेगळाच आहे. ढब्बूचं काय किंवा आणखी कुणाचं काय, पान द्यायचा हक्कच मला नाही. ते त्या बायकांनी मला सांगितलं. सरकारला नाही."

"तू हे बोलतेस ना, ते ऐकायला छान वाटतं. हे युद्ध आहे."

"मग तर जास्तच विचारून घ्यायला हवं."

बापू उठून गेला. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती. नेहमी कठडा धरून जिना उतरणारा तो आज कठड्याला हात न लावता भराभर गेला, यावरून आक्कानं ते ओळखलं.

तिचं हे बोलणं काही पुस्तकातून आलेलं नव्हतं. शिकाऊ असताना ती मोठ्या इस्पितळात होती. तिथे डॉक्टर पडदा सारून येत आणि बाईला एक शब्द न विचारता हात घालत. बाई दचकायची, अंग आखडून घ्यायची, आणि मग डॉक्टर म्हणायचे, ही सहकार्य करत नाही. आक्कानं तेव्हा मनाशी खूणगाठ बांधली. पुढे ती कितीही घाई असली तरी आधी विचारायची, "हात लावू का?" आणि बाई नाही म्हणाली तर थांबायची. एकतीस वर्षांत तिच्या लक्षात आलं होतं की विचारलं की बहुतेक जणी हो म्हणतात, आणि न विचारता घेतलेल्या गोष्टीसारखी वाईट गोष्ट नाही. ज्याचं अंग त्याचं. मग तो अंगाचा मालक एक तासाचा असो की साठ वर्षांचा, आणि हात लावणारा नवरा असो, डॉक्टर असो की सरकार. तिनं कधी मत दिलं नव्हतं, कधी मोर्चात गेली नव्हती, आणि कुणी तिला तू अमुक पक्षाची का असं विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मी माझ्या पक्षाची.

नोटीस घेऊन भरती अधिकारी स्वतः आला. सडपातळ, पन्नाशीचा, सर्दीनं बेजार झालेला माणूस. आक्कानं त्याला खुर्ची दिली, गरम पाणी दिलं. त्यानं नोटीस टेबलावर ठेवली. सात दिवसांची मुदत होती.

"आत्ताच दिलीत तर मला परत यावं लागणार नाही," तो म्हणाला.

"नाही द्यायची मला."

"कारण?"

"माझी नाही. लिहिलीय मी, पण मजकूर त्यांचा."

अधिकाऱ्यानं रुमालानं नाक पुसलं. त्याला राग आलेला दिसला नाही. "बाई, सीमेवर जी मुलं आहेत ती आठ महिने घरी आलेली नाहीत. बदली माणूस मिळाला तर ती येतील. त्यांच्या आयांचा विचार केलात?"

"केला. दोन रात्री तोच केला. ज्याला बदलीवर जायचंय त्याला मी अडवणार नाही. पण मी कुणाला पाठवणारही नाही."

"कायदा सगळ्यांनी मिळून केलेला असतो. तुम्ही मत देता ना?"

"नाही. दुसऱ्याच्या घरात काय व्हावं हे ठरवायला मी कधी माणूस निवडला नाही."

"आणि रस्ते, पाणी, दिवे? ते वापरता."

"त्याचे पैसे भरते. नळाचे पैसे घेतले म्हणून पोरगंही द्या, असा सौदा मी तरी केलेला नाही."

अधिकारी हसला, आणि हसता हसता खोकला. "सगळेच तुमच्यासारखं म्हणाले तर सरकार मोडून पडेल."

"एक्याऐंशी पानांवर उभं असेल तर आधीच मोडलंय म्हणायचं."

जाताना तो दारात थांबून म्हणाला, "आठव्या दिवशी मला हवालदार घेऊन यावं लागेल. मला ते आवडणार नाही." ते त्याचं खरं असावं.

वही जाळून टाकावी असं आक्काच्या एकदा मनात आलं. पण जाळणं म्हणजेही तिनंच सगळ्यांचं ठरवून टाकणं झालं असतं. शेवटी तिनं टाके कापायची कात्री घेतली आणि एक्याऐंशी पानं शिलाईपासून सुटी केली. मुलींची पानंही सोडवून तिनं कपाटातल्या दुसऱ्या वहीत ठेवली. मग पिशवी घेऊन ती बाहेर पडली.

सहा दिवस ती दारोदार फिरली. कुणी घर बदललं होतं, कुणी तिला ओळखलंच नाही. दारात उभं राहून ती एकच सांगायची, "हे तुझं पान. त्यांना हवंय. द्यायचं की नाही ते तू बघ." इस्त्रीच्या दुकानातल्या बाईनं पान वाचलंही नाही, सरळ इस्त्रीच्या निखाऱ्यांत घातलं आणि हातातला शर्ट पुढे ओढला. एका प्लंबरनं, बाप मी आहे, पान माझ्याकडे द्या, म्हणून वाट अडवली. आक्का म्हणाली, "बाळंतपण मी तुमच्या बायकोचं केलं," आणि बायको कामावरून येईपर्यंत पायरीवर बसून राहिली. पाववालीनं पान घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "मी स्वतः नेऊन देते. थोरला तिकडे अडकलाय. धाकटा गेला तर थोरल्याला रजा मिळते म्हणतात."

"धाकट्याला विचार," आक्का म्हणाली.

"तोच म्हणतोय केव्हाचा."

आक्कानं मान डोलावली. तिला ते बरं वाटलं नाही, पण बरं वाटावं म्हणून ती निघाली नव्हती.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका मुलाची आई चार वर्षांपूर्वी वारली होती. ते पान आक्कानं त्यालाच दिलं. त्यानं ग्रीसचे हात पँटला पुसले आणि उभ्या उभ्या वाचलं. तिथे लिहिलं होतं, मुलगा झाला सांगितल्यावर म्हणाली, बरं झालं, आता मला जरा झोपू द्या. त्यानं ते तीनदा वाचलं. "हे मी ठेवू?" त्यानं विचारलं. "तुझंच आहे," आक्का म्हणाली.

शेवटचं पान बापूच्या घरी. बापू ऑफिसात होता. भावजयीनं दार उघडलं, पान हातात घेतलं आणि भिंतीला टेकून रडली. "वन्सं, तुमचे उपकार कसे फेडू," म्हणाली. मग डोळे पुसून तिनं ते पान कुठे ठेवलं ते आक्कानं बघितलं नाही. मुद्दाम पाठ फिरवली.

आठव्या दिवशी अधिकारी दोन हवालदार घेऊन आला. आक्कानं वहीचे पुठ्ठे त्याच्या हातात दिले. त्यानं ते उघडून आतली रिकामी शिलाई पाहिली. "पानं?"

"ज्यांची त्यांना दिली."

"यादी?"

"यादी कधी केलीच नाही."

तिला ठाण्यावर नेलं आणि संध्याकाळपर्यंत सोडलं, कारण जामीन घ्यायला बापू आला होता. खटला तीन आठवड्यांनी होता. परतताना बापू सारखा तिची पिशवी स्वतःच्या हातात घ्यायला बघत होता. दोघांत वह्यांचा विषय निघाला नाही.

गोष्ट इथेच संपली असती तर आक्काला सोपं गेलं असतं. पण नवव्या दिवशी सकाळी ढब्बू आला.

तो दारातच म्हणाला, "आत्या, मला माझं पान हवंय."

"ते तुझ्या आईकडे आहे."

"ती देत नाही. मी भरतीच्या ऑफिसात जाऊन आलो. आपण होऊन आलेल्यालाही जन्माचा पुरावा लागतो म्हणतात. सतराचं पोरगं घेतलं तर त्यांच्यावर येतं."

आक्कानं त्याला बसवलं. पुढे काय येणार हे तिला दिसत होतं आणि ते येऊ नये असं तिला फार वाटत होतं. "तुला जायचंय, की मित्र गेले म्हणून जातोयस?"

"दोन्ही. माझ्या वर्गातले सहा जण तिकडे आहेत. तिकडच्या गावांतून माणसं हाकलून दिली, त्यांच्यातली काही आमच्या कॉलेजात राहतात. मी रोज त्यांना पाण्याचे पिंप भरून देतो. नुसते पिंप भरत बसायचं नाही मला."

"मला काय वाटतं ते ऐकशील?"

"ऐकतो."

"दोन सरकारांचं भांडण आहे हे. त्यांतलं एकही तिकडे जाऊन उभं राहणार नाही. तू ज्याला मारशील त्यालाही कुणीतरी यादीतून उचलून आणलेलं असेल. आणि परत आलास तरी जसा गेलास तसा येणार नाहीस. मला विचारशील तर जाऊ नकोस."

ढब्बूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ऐकलं. मला जायचंय."

"आईशी बोल."

"चार दिवस बोलतोय. आत्या, गॅरेजवाल्याला तू त्याचं पान त्याच्या हातात दिलंस. त्याची आई नाही म्हणून. म्हणजे माझी आई जिवंत आहे, हा माझा गुन्हा?"

खिडकीखाली कुणीतरी फळकुटं ठोकत होतं, तो आवाज आक्का ऐकत बसली. ढब्बूला पान नव्हे, पुरावा हवा होता. आणि सुईणीनं सही करून लिहून दिलेली चिठ्ठी पुराव्याला चालते, हे तिला माहीत होतं आणि ढब्बूलाही ठाऊक असणार. तिला तारीख, वेळ, वजन, सगळं तोंडपाठ होतं. नाही म्हणायला दहा कारणं होती, पण ती सगळी तिच्या मायेची होती. त्यांतलं एकही ढब्बूचं नव्हतं.

"उद्या ये," ती म्हणाली. "आणि मी तुझ्या आईबापांना आधी सांगणार. पाठीमागे काही करणार नाही."

त्या दुपारीच ती बापूकडे गेली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. बापू खुर्चीत बसला तो बसलाच. भावजयीला आधी समजलं नाही, मग समजलं.

"लोकांच्या ऐंशी पोरांसाठी तुम्ही जेल पत्करायला तयार झालात," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या भाच्याला हातानं लिहून देणार?"

"त्यांना मी पाठवलं नाही. ह्यालाही पाठवत नाही. तो विचारतोय."

"तो अठरा वर्षांचा आहे. त्याला काय कळतं?"

"तेच सरकार म्हणतं, वहिनी. आपल्याला काय कळतं."

"ह्या घरात पुन्हा पाऊल टाकू नका, वन्सं."

आक्का घरी आली, तिनं चिठ्ठी लिहिली, दोनदा फाडली, तिसऱ्यांदा ठेवली. दुसऱ्या दिवशी ढब्बू आला, चिठ्ठी घेतली आणि तिच्या पाया न पडता तिला घट्ट मिठी मारली. शुक्रवारी तो गेला.

खटला दोन तासांत आटोपला. अक्षर आक्काचंच आहे हे ओळखायला बापूला उभं केलं होतं. त्यानं पुठ्ठ्यावरचं अक्षर बघितलं आणि हो म्हणाला. मग सरकारी वकिलानं ढब्बूची चिठ्ठी पुढे केली.

न्यायाधीशांनी चष्मा वर सारला. "ही तुम्हीच लिहिलीत? म्हणजे सरकारला पुरावा देता येतो हे तुम्हाला मान्य आहे. मग बाकीच्यांचाच का नाही दिलात?"

"ही मी सरकारला दिलेली नाही, साहेब. ज्याचा जन्म, त्यानं मागितली. त्याला दिली."

"उद्या प्रत्येक माणूस असं म्हणू लागला तर देश चालेल कसा?"

"मला देश चालवता येत नाही. मी कधी तसं म्हटलेलंही नाही."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. चार महिने कैद आणि सुईणीचा परवाना कायमचा रद्द.

तुरुंगात बायकांना सैन्याच्या शर्टांना बटणं लावायचं काम होतं. आक्कानं शर्ट परत ठेवला आणि म्हणाली, दुसरं काहीही द्या. दुसरं म्हणजे संडास. चार महिने तिनं संडास धुतले, चांगले धुतले, आणि बटणं न लावल्याबद्दल तिची दोन महिने भेट बंद झाली. भेटीला येणारं तसं कुणी नव्हतंच. पण तिसऱ्या महिन्यात बापू आला. जाळीपलीकडे उभा राहून म्हणाला, "पत्र आलंय त्याचं. ठीक आहे." एवढंच सांगून तो गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला आणि तेवढंच सांगून गेला.

ती सुटली तेव्हा शहरात काय झालं ते तिला कळलं. एक्याऐंशींपैकी एकोणीस जणांनी आपापली पानं नेऊन दिली होती. तीन जण मारले गेले होते, त्यांत पाववालीचा धाकटा होता. थोरल्याला रजा मिळाली ती त्याच्यानंतर. आक्का तिला भेटायला गेली. पाववालीनं तिला दोष दिला नाही आणि आभारही मानले नाहीत, नुसतं स्टूल पुढे केलं. आक्का तासभर तिच्या दुकानात बसली. परवाना नव्हता, तरी बायका बोलवायला येत राहिल्या आणि ती जात राहिली. एकदा तो सर्दीवाला अधिकारी रस्त्यात भेटला, तिच्या हातातली पिशवी बघितली आणि न बघितल्यासारखं करून पुढे गेला.

ढब्बू चौदा महिन्यांनी आला. डावा कान गेलेला, आणि झोपेत दात खाण्याची सवय. आक्काकडे तो दुसऱ्याच दिवशी आला. तिला फार विचारावंसं वाटत होतं, पण तिनं विचारलं नाही. तोच थोड्या वेळानं म्हणाला, "गेलो नसतो तर कायम वाटत राहिलं असतं की जायला हवं होतं. आता ते वाटत नाही. आता दुसरंच वाटतं."

"काय?"

"ते अजून सांगता येत नाही, आत्या. आल्यावर सांगीन."

"कुठून आल्यावर?" ती म्हणाली आणि मग तिला समजलं, तो अजून पुरता तिकडून परतलेलाच नव्हता. तिनं त्याला पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर आठवड्यानं भावजय आली. सव्वा वर्षात पहिल्यांदा. ती खुर्चीच्या टोकाला बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"एक विचारायला आले. खरं सांगा. तो नसता आला तर?"

"तर तुमच्याशी बोलायला माझ्याकडे शब्द नसते."

"म्हणजे तुम्हाला पस्तावा झाला असता."

"तो आताही आहे. रोज होता. आत असताना रोज सकाळी वाटायचं, चिठ्ठी तिसऱ्यांदाही फाडायला हवी होती."

"मग पुन्हा वेळ आली तर नाही देणार."

आक्का खोटं बोलली असती तर त्या बाईला थोडं बरं वाटलं असतं. "देईन," ती म्हणाली.

भावजयीनं माफ केलं नव्हतं, आणि आक्कानंही ते मागितलं नव्हतं. मग ती उठली, दोघींचे कप मोरीत नेऊन विसळले आणि पालथे घातले.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंय त्याला," हात पुसत ती म्हणाली. "मोठ्या इस्पितळात. मला तिथलं काही कळत नाही."

"किती वाजता?"

"साडेनऊ."

"येते," आक्का म्हणाली.